समोरचा भिडू

चंदनाक्कांनी जन्मात नवस-नियम पुष्कळ केले. गुळाचा नियम, हिरव्या भाजीचा नियम, चातुर्मासात चप्पल न घालण्याचा नियम. त्यातला एकही त्यांना जड गेला नाही. जड गेला तो एकच, आणि तो त्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून, पदराचं टोक मुठीत आवळून केला होता. दारापलीकडे श्रीपालअण्णांच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या. डॉक्टर बाहेर यायचे, चष्मा पुसायचे आणि परत आत जायचे. तेव्हा चंदनाक्कांनी डोळे मिटले, जैनांच्या स्तवनिधी क्षेत्रातल्या ब्रह्मदेवाला मनात समोर बसवलं आणि म्हणाल्या, "ह्यांना घरला येऊ दे. मी पुन्यांदा पत्त्याला हात लावणार न्हाय."

ऐकणाऱ्याला हसू येईल. लोक देवाला चांदीचे डोळे वाहतात, कुणी केस देतं, आणि ही बाई पत्ते सोडते! पण ज्यांनी त्यांना बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या घरात रविवारी दुपारी खेळताना पाहिलंय त्यांना विचारा. एरवी मुंगीला वाट देणारी बाई, पण डाव मांडला की डोळ्यांत वेगळंच पाणी यायचं.

खेळ एकच, मेंढीकोट. दश्शी म्हणजे मेंढी. ज्यांच्याकडे मेंढ्या जास्त त्यांचा डाव, आणि चारही मिळाल्या तर समोरच्यांवर कोट. बाहेरच्या सोप्यात जमखाना अंथरायचा. एका जोडीला श्रीपालअण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ महावीर. दुसऱ्या जोडीला चंदनाक्का, आणि त्यांच्या समोर भिडू म्हणून जयाबाई मावशी.

जयाबाई म्हणजे श्रीपालअण्णांच्या आईची धाकटी बहीण. अथणीकडची. लग्न होऊन पुरतं वर्ष सरलं नाही तोवर नवरा गेला. पुढं बहीणही गेली, तेव्हा तिची दोन पोरं सांभाळायला म्हणून निपाणीला आली ती कायमचीच. पोरं बेळगावला आली, मावशीही त्यांच्यामागं आली. मराठी बोलायची ते कानडीत भिजवून. उपासतापास कडक, पण कमरेला तपकिरीची डबी. "तेवढं एक देवाला सांगून ठेवलंय," म्हणायची.

आणि खेळताना एक चूक ती हटकून करायची. चंदनाक्कांनी एक्का टाकलेला असायचा, हात आपल्याच जोडीचा व्हायचा असायचा, आणि मावशी त्यावर हुकूम मारायची. आपल्याच भिडूच्या एक्क्यावर!

"मावशे," महावीर ओरडायचा, "शेजारचं सोडून आपल्याच घरात चोरी कराय लागलीस व्हय गं?"

"उतारी, पुढचं पहिलं पान, माझ्या हातात पायजे रं," मावशी तपकिरीची चिमूट ओढत म्हणायची. "तुझी वैनी भिऊन खेळती. तिला काय कळतंय पुढचं?"

नवसाला ब्रह्मदेव पावले. श्रीपालअण्णा घरी आले, हळूहळू अंगणात फिरायला लागले. महावीरने पत्त्यांचा कॅट कारखान्यातल्या कुणाला तरी देऊन टाकला आणि जमखाना घडी होऊन माळ्यावर गेला. मावशी कुरकुरली नाही. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "भाच्याला देवानं सोडलं, पण माझा भिडू नेला बघा." नंतरच्या थंडीत तीही गेली. आतल्या खोलीतल्या कॉटवर, श्रीपालअण्णांचा हात हातात धरून. "श्रीपा, तुला सोडून जायाला जीव होईना रं," एवढंच शेवटचं बोलली.

त्यानंतर घर शांत झालं. चंदनाक्कांची दुपार एकाच कामात जायची. श्रीपालअण्णा झोपले की दारात बसून त्यांची छाती वरखाली होते का ते बघायचं.

*

महावीर बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात होता. लग्नाचं नाव काढलं की मशीनकडे तोंड फिरवणारा गडी. त्या दिवसांत बेळगावात घराघरावर टीव्हीच्या काड्या उभ्या राहत होत्या, आणि विलायतेहून आलेल्या एका दोस्ताकडून ह्याने एक काळं, वहीएवढं यंत्र आणलं. रबरी कळांचं. "हा कॉम्प्युटर हाय वैनी. टीव्हीला जोडायचा." टेपरेकॉर्डरमधून त्यात खेळ भरावा लागे. भरताना टेपमधून असा आवाज निघायचा की शेजारच्या अंबुबाई पहिल्या दिवशी धावत आल्या होत्या. त्यांना वाटलं, मांजर दारात सापडलं.

महावीर पुष्कळ दिवस त्या यंत्रापुढं बसून टकटक करत होता. मग एका रविवारी त्याने वहिनीला पाटावर बसवलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर चौघांचे चार चौकोन होते, आणि खालच्या चौकोनात तेरा पत्ते.

"मेंढीकोट," तो म्हणाला. "मी लिवलाय. खालचा चौकोन तुमचा. डावा-उजवा कॉम्प्युटर तुमचे दुश्मन, आणि वरचा, समोरचा, तुमचा भिडू. तोबी कॉम्प्युटरच."

चंदनाक्कांनी हात पदराखाली घेतले. "भावजी, माझा नियम हाय."

"काय नियम हाय? पत्त्याला हात लावणार न्हाय. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मग ह्यात पत्ता कुठाय? ही कळ हाय. कळंला हात लावा."

"देव काय तुझ्या कारखान्यातला सायब हाय व्हय रं, बोलण्यात गुंडाळून सही घ्यायला?"

तेवढ्यात आतून श्रीपालअण्णांचा आवाज आला. "खेळू दे की तिला! रोज दुपारी माझी छाती मोजत बसती. मला झोप येईना झालीय."

सगळे हसले. चंदनाक्काही हसल्या, आणि हसता हसता त्यांचं एक बोट पदराबाहेर आलं.

डावा-उजवा कॉम्प्युटर हुशार होते. मेंढी दिसली की झडप घालायचे. समोरचा भिडू मात्र अगदीच खुळा. एक्का हातात धरून दुर्री टाकील, नको तिथं राजा घालवील. "ह्याला काय शिकवलंस रं बाबा," त्या वैतागून म्हणाल्या. महावीर डोकं खाजवत म्हणाला, "दोन दुश्मन शिकवण्यात ह्याची जागा संपली वैनी. भिडू राहिला. चालणारं जे पान पहिलं सापडंल ते टाकतो तो. सोसून घ्या." त्या सोसून घ्यायच्या. रोज थोडं खेळायचं, बहुधा हरायचं आणि उठायचं. नियम मोडतोय असं वाटलं की सांजेला एक जपमाळ जास्त ओढायची. असा त्यांनी देवाशी मेळ घातला होता.

*

आषाढातली दुपार होती. दोन दिवस झड लागलेली. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. तो पडत नाही, घरात राहायला येतो. भिंतींना घाम, दारं फुगलेली, कपड्यांना कुबट वास. पावसाची झोड आत येऊ नये म्हणून खिडक्यांना पोती लावलेली, त्यामुळं घरात दुपारीच दिवेलागण झाल्यासारखं. महावीर कारखान्यात गेलेला. जेवणं झाली. श्रीपालअण्णा शाल गुंडाळून उठले.

"लई थंडी वाजालीय. जरा पडतो."

"पडा. मी सोप्यातच हाय."

टीव्हीच्या गुणगुणीनं झोपमोड नको म्हणून अण्णांनी जाताना आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. ओलं दार चौकटीत गच्च बसलं.

चंदनाक्कांनी भांडी घासली, ओटा पुसला. मागच्या पडवीत वेताचं डालगं पालथं घालून त्यावर ओली धोतरं-लुगडी पसरायची आणि खाली कोळशाची शेगडी ठेवायची, अशी त्यांची रीत. पण त्या दिवशी तिकडं बघायचं राहून गेलं. पाऊस असा एकसारखा वाजत होता की माणसाला आपल्याच घरात परकं वाटावं. त्या सोप्यात आल्या, टेप लावली. तो किंचाळल्यासारखा आवाज झाला, थांबला. पडद्यावर चार चौकोन उमटले.

पहिला हात झाला. दुसरा झाला. मग त्यांनी बदामचा एक्का टाकला. हात त्यांचाच होता. डाव्या कॉम्प्युटरने मुकाट्यानं सत्ती टाकली. आणि समोरच्या भिडूनं हुकूम मारला.

आपल्याच एक्क्यावर!

चंदनाक्कांना खुदकन हसू आलं. "अगं बाई, ही तर मावशीच की!"

बोलून गेल्या, आणि घर ऐकल्यासारखं गप्प झालं. पाऊस होता, पण मघाशी तो चारी बाजूंनी होता, आता फक्त बाहेर होता.

भिडूनं उतारी केली. नेमकं तेच पान, जे मावशीनं टाकलं असतं. दुश्मनाची मेंढी उघडी पडली. पुन्हा उतारी. दुसरी मेंढी. चंदनाक्का कळा दाबत होत्या, पण खेळत होतं दुसरंच कुणीतरी. तो खुळा भिडू आज एक पान वाया घालवत नव्हता. तिसरी मेंढी आली. चौथीही आली. कोट! इतक्या दिवसांत त्या यंत्रावर पहिल्यांदा त्यांनी कोट केला होता. पण टाळी वाजवायला हात उचलला आणि तसाच राहिला.

वास येत होता.

ओल्या पोत्यांचा नव्हे. तपकिरीचा. कोरडा, नाकाला झोंबणारा, अगदी जवळचा... जणू समोर कुणी डबी उघडून चिमूट घेतली असावी. समोर तर टीव्ही होता. टीव्हीच्या मागं भिंत.

"कोण हाय?" त्या हलकेच म्हणाल्या. कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, ऐकू जाऊ नये म्हणूनच.

डावाची शेवटची पानं उरली होती. पाळी भिडूची होती. यंत्र कधी थांबत नसे. पान टाकायला त्याला पापणी लवायचाही वेळ लागत नसे. पण आता वरच्या चौकोनात तो छोटा पांढरा ठिपका नुसता लुकलुकत होता. लागायचा... विझायचा... लागायचा... विचार करत बसल्यासारखा. मावशी अशीच बसायची. पानं छातीशी धरून, ओठ पुढं काढून.

चंदनाक्कांनी कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली, तरी ठिपका तसाच. मनात णमोकार मंत्र सुरू झाला, आणि शब्द मधेच निसटायला लागले.

मग वरच्या चौकोनात अक्षरं आली. पत्ता नव्हे. इंग्रजी अक्षरं, एकेक करून, नुकतं लिहायला शिकलेल्या माणसानं काढावीत तशी सावकाश. आधी ए. मग पुन्हा ए. मग टी.

चंदनाक्कांना इंग्रजी बेताचं येत होतं. त्यांनी ओठ हलवून जुळवलं.

"आ...त."

आत.

मान फिरवायचा धीर होईना. आत कोण आहे? आत काय आहे? अक्षरं पुसली गेली आणि पुन्हा आली. तीच. ए, ए, टी. तपकिरीचा वास आता समोरून नव्हता. तो बाजूनं गेला, कानाजवळून, आणि मागं, माजघराच्या दिशेनं गेला.

"मावशी..." त्या पुटपुटल्या, "आत काय हाय गं?"

आणि तेव्हा आठवलं. आत हे आहेत.

भीती कुठल्या कुठं गेली. त्या पाटावरून उठल्या त्याच धावत. आतल्या खोलीचं दार ढकललं, हलेना. "अहो!" दार ठोठावलं. "अहो, ऐकलं का?" खांदा लावला, पुन्हा लावला. फुगलेलं दार एकदम सुटलं आणि त्या आत कोसळल्या. उकाड्याचा लोट अंगावर आला. धूर नव्हता, काही नव्हतं. खिडकीला पोतं, दार बंद, आणि कॉटच्या शेजारी लालबुंद शेगडी. थंडी वाजते म्हणून श्रीपालअण्णांनी पडवीतली शेगडी स्वतःच आत ओढून घेतली होती. चेहरा नको तितका तांबूस, तोंड उघडं, आणि श्वास... श्वास विहिरीतून ओढल्यासारखा, मधेच थांबणारा.

त्यांना उचलणं चंदनाक्कांना शक्य नव्हतं. त्यांनी गादीची दोन टोकं धरली आणि गादीसकट त्यांना खाली ओढलं, मग उंबऱ्यावरून, माजघरातून, सोप्यातून, ओढतच. डोकं गरगरत होतं. तोंडानं एकच चाललं होतं, "अंबुबाई! अंबुबाई, धावा हो!" पायरीपर्यंत आल्या, तेव्हा पावसाची एक सर सरळ त्यांच्या तोंडावर आली.

अंबुबाई पदर खोचून आल्या, त्यांचा जावई डॉक्टरांना आणायला पळाला. दोघी बायका त्यांच्या छातीवर हात चोळत बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग श्रीपालअण्णांनी डोळे किलकिले केले. एकदा चंदनाक्कांकडे बघितलं, एकदा आभाळाकडे.

"काय हे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "थंडी वाजाल्ती म्हणून झोपलो, तर तुम्ही पावसात आणून ठेवलाय मला."

अंबुबाई आधी रडल्या. मग दोघी हसत सुटल्या. भिजत, एकमेकींना धरून हसत सुटल्या.

*

डॉक्टरांनी तपासलं. कोळशाचा वायू, म्हणाले. त्याला ना रंग ना वास, झोपलेल्या माणसाला झोपेतच नेतो. "वेळेवर आत गेलात. कसं काय सुचलं?"

"सहज गेलो," चंदनाक्का म्हणाल्या. त्या भागात बायकाही 'गेलो-आलो'च म्हणतात. पण 'सहज' हा शब्द त्यांना त्या दिवशी जड गेला.

महावीर कारखान्यातून पळत आला. दादाच्या पायाशी बसला, उठला, पुन्हा बसला. सगळं ऐकल्यावर मात्र त्याच्यातला मशीनवाला जागा झाला. टीव्ही अजून चालूच होता. वरच्या चौकोनात ती तीन अक्षरं तशीच होती.

तो बघत राहिला, मग कपाळावर हात मारून हसला. "वैनी! हे 'आत' न्हवं. हे पत्ते हायत. दश्शीचे दोन आकडे चौकोनात मावत न्हाईत म्हणून मी तिला टी लिवलंय, टेनचा टी. ए म्हंजे एक्का. एक्का, एक्का, दश्शी. भिडूच्या हातात उरलेली पानं. माझ्या लिवण्यात कुठंतरी चूक हाय, त्यामुळं पान टाकायचं सोडून त्यानं हातच उघडा केला. इस्पिक-बदामची चिन्हं छापायची राहिली, नुसती अक्षरं आली."

"म्हंजे तुझ्या चुकीनं मी वाचलो म्हण की," श्रीपालअण्णा गादीवरून म्हणाले.

"तसंच समज दादा. चूक करावी तर अशी!"

घर हलकं झालं. चंदनाक्कांनी कढीभात टाकला, लोणच्याची फोड दिली आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांना जेवायला घातलं. श्रीपालअण्णांनी दोनदा भात घेतला. त्यांचं जेवण बघत बसावं असं सुख दुसरं नव्हतं. शेगडी विझवून, राख काढून, अंगणात नेऊन ठेवली. खिडक्यांची पोती ओढून काढली. येऊ दे पाऊस आत यायचा तेवढा. मन भरून आलं होतं. देवानं एक माणूस दोनदा दिला होता.

सांजेला देवापाशी निरांजन लावलं आणि माळ हातात घेतली. एक मणी सरला, दुसरा सरला, आणि तिसऱ्यावर बोट थांबलं.

दश्शी?

दश्शी उरणार कुठून? चारही मेंढ्या पडल्या होत्या. कोट झाला होता. पत्ते खेळणाऱ्या बाईला दुसरं काही आठवणार नाही, पण मेंढ्या पडल्याचं विसरत नाही. भिडूच्या हातात टी असूच शकत नव्हता.

म्हणजे ते पत्ते नव्हते. तो शब्दच होता.

चंदनाक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं नव्हे. आईविना पोराला जिनं वाढवलं ती मावशी त्याच्यासाठी परत आली होती. त्यांनी निरांजनाला हात जोडले, "मावशी" म्हणाल्या, आणि मावशीचा आवाज आठवायला लागल्या. हसणं आठवलं, कुरकुर आठवली. डाव संपल्यावर मावशी हात झटकून जे म्हणायची तेही आठवलं.

"आत!"

मावशी कानडी. कानडीत 'आत' म्हणजे आतमध्ये नव्हे. कानडीत 'आत' म्हणजे झालं. संपलं.

निरांजनाची ज्योत सरळ उभी होती. पाऊस थांबला होता. माजघरातून श्रीपालअण्णांच्या घोरण्याचा आवाज येत होता, आणि चंदनाक्का हात जोडलेल्या तशाच बसून राहिल्या होत्या. मावशी मराठीत बोलली असेल, तर ती सांगायला आली होती, आत जा. आणि कानडीत बोलली असेल तर? तर तिनं डाव संपल्याचं सांगितलं होतं. श्रीपाला सोडून जायला जिचा जीव होत नव्हता, ती त्याला न्यायला आली होती, आणि भिडूला रीतसर कळवत होती. तसं असेल, तर एका भित्र्या बाईनं शब्द चुकीच्या भाषेत वाचला, म्हणून तो माणूस आज जेवून झोपला होता.

खरं काय ते त्यांनी आजवर कुणाला विचारलं नाही. मावशीला तर नाहीच. त्यांनी आपल्यापुरतं मराठी धरलं. वाईट अर्थ आणि चांगला अर्थ शेजारी शेजारी उभे असले तर चांगल्याला पाट द्यावा, असं त्यांचं मन. स्तवनिधीला जाऊन त्यांनी नारळ ठेवला, पत्त्यांचा नियम पुन्हा घेतला, ह्या वेळी कळेसकट. महावीरने ते यंत्र दोस्ताला परत केलं. पुढं त्याचं लग्न झालं, ब्राह्मी नावाची गोड जाऊ घरात आली. श्रीपालअण्णा अजून आहेत, अंगणातल्या तगरीची फुलं काढतात आणि बायकोवर चिडतात.

कारण चंदनाक्कांनी आणखी एक नियम घेतलाय. टीव्हीवर कितीही रंगलेलं काही असो, पाहुण्यांत गप्पा कितीही चढोत, त्या मधेच उठतात आणि आतल्या खोलीत जाऊन येतात. झोपलेल्याची छाती बघतात. आणि परतताना उंबऱ्यावर थांबून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणतात, "अजून डाव हाय हं."

हे कुणाला म्हणता, असं ब्राह्मीनं एकदा विचारलं होतं. त्यांनी तिच्या हातात फुलांची परडी दिली. पण मागच्या श्रावणात म्हणायचं राहून गेलं. माहेरची माणसं आली होती, विसरल्या. तेव्हा त्या घरात, जिथं इतक्या वर्षांत पत्त्याचं एक पान शिल्लक नाही, आतल्या खोलीतून फरशीवर पान आपटल्याचा आवाज आला. एकच. आणि मग कुणीतरी समोरच्याच्या पानाची वाट बघत बसावं तसं सगळं शांत झालं. चंदनाक्का हातातला चहाचा कप तसाच ठेवून उंबऱ्यापर्यंत धावल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या. तेव्हा कुठं श्रीपालअण्णांनी कूस बदलली.

तेव्हा एवढं करा. नवस करा न करा, उपास धरा न धरा, पण हा नियम तुम्हीपण घ्या. घरात कुणी झोपलं असेल तर हातातलं सोडून एकदा आत जाऊन या. येताना उंबऱ्यावर म्हणा, अजून डाव हाय. तीन शब्दांचं काम. आणि आतून कुणी "आत?" असं विचारलंच, तर कुठल्या भाषेत विचारलं ते बघत बसू नका. न्हाय म्हणा.